हाकेचा डबा

डबा एरवी अगदी गुणी लेकरासारखा चालायचा. मरायचा तो नेमका हाक मारताना.

तळहाताएवढा पिवळा डबा, वर एक लाल बटण आणि बोटभर पडदा. मासेमारीची लाँच समुद्रात आत गेली की मोबाइलची रेंज संपते. तिथं इंजिन बंद पडलं, पाणी भरायला लागलं, कुणा खलाशाच्या छातीत कळ आली, तर हे बटण दाबायचं. डबा आपला ठावठिकाणा रेडिओवरून जवळच्या लाँचवरच्या डब्याला सांगणार, तो त्याच्या पुढच्याला, आणि अशी हातोहात ती हाक मिरकरवाड्याच्या बंदरावर येऊन पोचणार. कल्पना रितेशची, म्हणजे कंपनीच्या ठाण्यातल्या मालकाची. तारा, रेडिओ, बॅटरी हे सगळं अझीमचं. आणि डब्याच्या आत जो प्रोग्रॅम चालायचा तो योगिनी साळवीचा, ओळ न् ओळ तिची.

नारळी पौर्णिमा दाराशी येऊन ठेपली होती. दर्याला नारळ दिला की मच्छीमार सोसायटीच्या लाँचा हे डबे घेऊन बाहेर पडणार, असं ठरलं होतं. पहिला मान अझीमच्या काकांच्या, खुर्शीदचाचांच्या लाँचचा. आणि इकडे मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यावरच्या माडीत बसून योगिनी बटण दाबत होती. दिवा लाल व्हायचा, जरा वेळ तसाच राहायचा, विझायचा, आणि डबा हिरवा होऊन पहिल्यापासून सुरू व्हायचा.

"परत मेला?" अझीमनं विचारलं.

"मेला आणि उठून बसला. वर विचारतोय, मी कुठे आहे म्हणून."

आता हे दुखणं समजायचं तर थोडं आतलं सांगायला हवं. माणूस प्रोग्रॅम लिहितो तो माणसाला वाचता येईल असा. त्यातून डब्यातल्या चिपला कळतील अशा आज्ञा करून देतो तो कंपायलर. हा कंपायलर साधा चालवला तर तो तुम्ही लिहिलंय तसं मुकाट्यानं उतरवतो. ऑप्टिमायझेशन लावलं, की मग स्वतःचं डोकं चालवतो. हे फुकटचं आहे, काढा; या दोन आज्ञांचं काम एकीत होतंय, करा. प्रोग्रॅम आटोपशीर होतो, चिप काम झटकन उरकून झोपी जाते आणि बॅटरी पुरते. साध्या तऱ्हेनं डबा हाक मारायचा, पण चिप इतकी जागत राहायची की लाँच परतायच्या आत बॅटरी संपलेली. ऑप्टिमायझेशन लावलं की बॅटरी पुरायची, आणि बटण दाबलं की डबा मरायचा.

शिवाय त्यात मेमरी वाटण्याचा भाग योगिनीनं स्वतः लिहिला होता. प्रोग्रॅमला काम करायला जागा लागते. ती कुणाला किती द्यायची, काम झाल्यावर परत कशी घ्यायची, हे बघणारा कुणीतरी लागतो. तयार मिळणारा एवढ्याशा चिपमध्ये मावत नव्हता, म्हणून तिनं आपला बेतून घेतला. रितेशच्या मनात तेव्हापासून ते सलत होतं. फोनवर त्यानं तिथंच बोट ठेवलं.

"मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, योगिनी. मेमरीचं वाटप कुणी घरी करतं का? लोणचं आहे का ते?"

"विकतचं लोणचं त्या बरणीत मावत नव्हतं, सर."

"विनोद नको. ऑप्टिमायझेशन बंद कर आणि डबे पाठव."

"आणि बॅटरी?"

"बॅटरीचं पुढच्या खेपेला बघू."

"पुढची खेप ज्याच्या नशिबी आहे त्याचं बघाल. मधेच ज्याची बॅटरी जाईल त्यानं बटण दाबून काय करायचं? ते बटण बघून त्याला धीर येणार, सर. डबा नसता तर तो निदान लवकर माघारी फिरला असता."

"योगिनी, मालक मी आहे."

"आहात की. पण डब्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. आणि पर्स रत्नागिरीत आहे."

फोन बंद झाला. अझीमनं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं. "तू असं बोलतेस ना, तेव्हा मला माझी मोठी फूफी, म्हणजे आत्या, आठवते. तिच्यापुढं पोलीसपाटीलसुद्धा चप्पल काढून उभा राहायचा."

"फूफीला विचार, तिला प्रोग्रॅम येतो का."

रितेश दुष्ट माणूस नव्हता. त्यानं घर गहाण टाकून हे उभं केलं होतं, आणि घाबरलेला माणूस दिसेल त्या पहिल्या दारानं पळतो.

योगिनीनं शोध घ्यायला सुरुवात केली. मरण कुठं येतंय ते तिला लवकर कळलं. हाकेचा निरोप मांडायला डबा कोरी जागा मागायचा, तिथंच. साधी जागा मागायचं काम 'मॅलॉक' नावाचं. ते जागा देतं, पण आदल्याचा पसारा तिच्यात असू शकतो. कोरी हवी तर 'कॅलॉक'ला हाक मारायची. योगिनीचं कॅलॉक अगदी भाबडं होतं: आधी मॅलॉककडून जागा माग, मग ती शून्यांनी झाडून पुसून दे. दोन ओळींचा मामला. त्यात काय बिघडणार?

बघावं तरी म्हणून तिनं त्या दोन ओळींच्या मधे तिसरी घातली: 'जागा मिळाली' असं पडद्यावर लिही. ऑप्टिमायझेशन लावलेलंच होतं. बटण दाबलं.

पडद्यावर आलं, 'जागा मिळाली.' दिवा लाल झाला, लालच राहिला, आणि टेबलावरच्या दुसऱ्या डब्यानं टुणकन आवाज करून हाक ऐकल्याचं सांगितलं.

ओळ काढली. डबा मेला. ओळ घातली. डबा जिवंत.

अझीम खुर्चीतून उठून आला. "ही ओळ काय ताईत आहे का गळ्यातला?"

रितेशला कळलं तेव्हा तर त्याला आनंद मावेना. "मग राहू दे ना ती ओळ! कुणाला टोचतेय? चाललं ना?"

"का चाललं ते मला माहीत नाही."

"अगं, चाललं!"

"सर, आज ज्या कारणानं चाललं ते मला ठाऊक नाही, म्हणजे उद्या ज्या कारणानं बंद पडेल तेही ठाऊक नसणार. असा डबा मी कुणाच्या लाँचवर ठेवणार नाही. ताईत बांधून माणसं समुद्रात सोडायची असतील तर ताईतवाल्याला नोकरीला ठेवा."

"मी पौर्णिमेला तिथं येतोय," रितेश म्हणाला. आवाज थंड होता. "माझ्या लॅपटॉपवर साधा प्रोग्रॅम आहे. तोच डब्यांत जाईल. किल्ली तयार ठेव."

हा फोन आला तो दिवस नेमका पावस गावच्या कीर्तनाचा. श्रावणात तिथल्या देवळात गोदाताईंची कीर्तनं असत, आणि गोदाताईंच्या मागं पेटीवर योगिनी. शाळकरी वयापासून तिनं ही साथ कधी मोडली नव्हती.

"जा तू," अझीम म्हणाला. "कीर्तन चुकवलंस की दुसऱ्या दिवशी तू माणसात नसतेस."

ती गेली. देवळात ओल्या दगडाचा आणि तुळशीचा वास भरून राहिला होता. गोदाताईंनी तिच्या कपाळाला बुक्का लावला, पेटीला हात लावून नमस्कार केला आणि त्या उभ्या राहिल्या. सत्तरीची बाई, नऊवारी, खांद्यावर उपरणं, आवाज असा की गाभाऱ्यातली समई ऐकत असावी. ज्यानं कीर्तनात साथ केली आहे त्यालाच कळेल की पेटीवाल्याचं ध्यान कुठं असतं. सूर धरणं हे हातांचं काम. खरं काम कानांचं: बाई आता कुठं वळणार, हे त्यांच्या आधी ओळखायचं. गोदाताई निरूपण रंगात आलं की पदाचे पहिले शब्द नुसते उच्चारत, आणि तेवढ्या खुणेवर योगिनी आणि तबलजी सबंध पद पहिल्यापासून उचलत. तेवढ्यात ताई दम घेत, घोटभर पाणी पीत. वर्षानुवर्षांची ही सवय. सांगावं लागत नसे.

त्या दिवशी ताईंनी नवीन पद रचून आणलं होतं, आणि ते त्यांना समोरच्या बायाबापड्यांना ओळीओळीनं शिकवायचं होतं. त्यांनी पहिले शब्द म्हटले. योगिनीच्या बोटांनी खूण ओळखली. पेटी उसळली, तबला मिळाला, सबंध पद पहिल्यापासून सुरू. ताई हसल्या, हातानं थांबवलं, पुन्हा पहिले शब्द म्हटले. योगिनीचं अर्धं मन मिरजोळ्यात. बोटांनी पुन्हा सगळं पद उचललं. ताईंनी तिसऱ्यांदा सुरुवात केली आणि पेटी तिसऱ्यांदा धावली.

गोदाताईंनी चिपळ्या खाली केल्या. "अगो बाय माझी, मी पदच शिकवत्येय! ते म्हणायला घेतलं की तू मला उचलून परत पदाच्या दारात नेऊन ठेवत्येस. मी आत कधी जायचं? या बाया इथंच म्हाताऱ्या व्हायच्या!"

देऊळ हसलं. योगिनीही हसली, पण तिची बोटं स्वरांवर तशीच थांबली होती. खूण तर बरोबर ओळखली होती मी, तिच्या मनात आलं. एरवी तेच बरोबर असतं. फक्त पदाच्या आतच ती खूण आली तर...

पुढचं कीर्तन तिनं नीट वाजवलं. उत्तररंगात ताईंनी आख्यान असं उभं केलं की पुढं बसलेल्या बायका पदराला डोळे टिपत होत्या, आणि योगिनीलाही आपण काही शोधतो आहोत याचा विसर पडला. आरती झाली. मग मात्र तिनं सभामंडपाच्या पायरीवर बसून लॅपटॉप उघडला, आणि कंपायलरनं चिपला नेमक्या कुठल्या आज्ञा दिल्या होत्या ते काढून कॅलॉकच्या नावाखाली वाचलं.

तिथं मागणं नव्हतं, झाडणं नव्हतं. किती जागा लागेल याचा हिशेब झाल्यावर एकच आज्ञा उरली होती: कॅलॉककडे जा.

गोदाताई खिरापतीची वाटी घेऊन आल्या. "काय गो, भूत दिसलं का?"

"ताई, माझ्या डब्यात एक पेटीवाली बसल्येय. माझ्यासारखीच अतिशहाणी." आणि तिनं सांगितलं. "मी लिहिलं, जागा माग आणि ती झाड. ही जोडी दिसली की कंपायलर म्हणतो, दोन कामं कशाला, कोरी जागा देणारा कॅलॉक आहे की, त्याच्याकडेच पाठवतो. एरवी ते चोख आहे, वेळ वाचतो. पण मी ते लिहीत होते खुद्द कॅलॉकच्या आत. म्हणजे कॅलॉकच्या दारात जाऊन विचारायचं, कोरी जागा दे. तो म्हणणार, कॅलॉककडे जा. गेला. तो म्हणणार, कॅलॉककडे जा."

"आणि मग?"

"फिरतोय जागच्या जागी. बराच वेळ हालचाल नाही म्हणून चिपवर नजर ठेवणारा राखणदार त्याला धक्का देऊन पुन्हा सुरू करतो. मी मधे ती तिसरी ओळ घातली तेव्हा जोडी तुटली, खूण पटली नाही, म्हणून डबा वाचला."

गोदाताईंनी खिरापत तिच्या तळहातावर ठेवली. "मग चूक कुणाची म्हणायची?"

"नावं मी त्याच्या ओळखीची वापरली आणि हे माझं घरचं आहे, हे त्याला सांगितलं नाही. सगळेच ती नावं वापरतात, मीही वापरली. त्याला सांगायची सोय आहे: ही नावं तुझ्या ओळखीची समजू नकोस, लिहिलंय तेवढंच कर. एका ओळीचं काम."

"तर कर की. माझ्याकडं काय बघत्येस?"

तिनं तिथंच बसून केलं. पिशवीत डबा होता, तो वायरला जोडला, प्रोग्रॅम भरला आणि बटण दाबलं. दिवा लाल झाला. देवळातून पार मिरजोळ्यापर्यंत हाक पोचणार नव्हती, पण डबा मेला नाही. पडद्यावर 'हाक देतोय' असं लिहून तो देत राहिला. ताईंनी त्याच्यावरून हात फिरवून बोटं कानशिलांवर मोडली.

पौर्णिमेला जेट्टीवर ही गर्दी. लाँचांना पताका, नारळ, वाजंत्री. रितेश सकाळीच यायचा होता, पण हातखंब्याला वाहनांच्या रांगेत अडकला आणि घामेजलेला, चिडलेला असा दुपारी पोचला. योगिनीनं डबे आणले होते. सगळ्यांत तिचा प्रोग्रॅम, ऑप्टिमायझेशनसकट.

"मी काय सांगितलं होतं?" रितेशनं सगळ्यांदेखत विचारलं.

"सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही." आणि तिनं त्याला सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं, हे त्याच्या बाजूनं म्हणायला हवं.

"छान आहे," तो म्हणाला. "पण परवा ती फालतू ओळ घातलीस तेव्हाही डबा चालत होता. आज चालतोय म्हणजे खरं कशावरून?"

"परवा का चालत होता ते माहीत नव्हतं. आज माहीत आहे. कंपायलरनं काय लिहिलंय ते मी वाचलंय."

"तू वाचलंयस. मी नाही. आणि उद्या काही झालं तर लोक माझं नाव घेणार. साधा प्रोग्रॅम घालू दे मला. बॅटरी कमी पुरेल, पण हाक तरी जाईल."

"पुरेल तोवर जाईल. माणसं बॅटरी बघून बुडत नाहीत, सर."

"मग तू मला काय खात्री देतेस?"

योगिनीनं लाँचकडं पाहिलं. खुर्शीदचाचा वल्ह्याच्या दांड्याला टेकून हे सगळं ऐकत होते. आज मुहूर्ताचं जाळं टाकून संध्याकाळी परतायचं होतं.

"मी लाँचवर जाते," ती म्हणाली. "रेंज गेली की बटण मी दाबेन. तुम्ही अझीमबरोबर इथं बंदरावरच्या डब्यापाशी बसा. हाक आली नाही, तर किल्ली, डबे, माझी नोकरी, सगळं ठाण्याला न्या. आली, तर कपाटाला हात लावायचा नाही."

खुर्शीदचाचांनी मान हलवली. "बाईमाणूस आमच्या लाँचवर चढत नाय. रीत आहे."

"कुणाची रीत, चाचा?"

"माझ्या बापाची."

"त्यांच्या लाँचवर हाकेचा डबा होता?"

"नव्हता." चाचांनी अझीमकडं पाहिलं, पण बोलले ते रितेशशी. "साहेब, माझा मोठा भाऊ, या पोराचा बाप, इंजिन बंद पडून वाहत गेला. त्याच्याजवळ ओरडायला गळा होता, बाकी काय नाय. ही पोरगी म्हणते हाक पोचेल आणि स्वतः येते, तर मी तिला घेणार. रीत माझ्या बापाची होती, लाँच माझी आहे." आणि खलाशांना ओरडले, "फळी टाका रे! आणि शिव्या आवरा आज."

"आवरल्या तर इंजिन कसं सुरू होणार, तांडेल?" एक खलाशी म्हणाला.

योगिनीनं दर्याला नारळ दिला, पाण्याला हात लावून कपाळाला लावला. चाचांनी ओंजळ धरून दुआ मागितली. लाँच निघाली.

दर्यानं तिला सोडलं नाही. भगवतीचा किल्ला मागं पडेपर्यंत ती कठड्याला धरून दोनदा ओकली. खलाशी पोरं आधी हसली, मग एकानं लिंबू कापून दिलं. मोबाइलवरच्या रेंजच्या रेघा एकेक करून गळत होत्या. शेवटची गेली तेव्हा किनारा म्हणजे नुसता निळसर काठ उरला होता, आणि मधल्या पाण्यावर सोसायटीच्या इतर लाँचा ठिपक्यांसारख्या पसरल्या होत्या.

"आता?" चाचांनी विचारलं.

"आता."

तिनं 'माउली' म्हटलं आणि बटण दाबलं. दिवा लाल झाला. लाँच एका लाटेवर चढली, उतरली. याच जागी तो मरत असे. तिनं डोळे मिटले नाहीत. ती पडद्याकडं बघत राहिली. 'हाक देतोय.' मग खालच्या ओळीत मधल्या लाँचचं नाव आलं, तिच्याखाली दुसरीचं, आणि डबा टुणकन वाजला. 'बंदर: ऐकलं.'

चाचांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. "मेला नाय गो."

"मरायला त्याला कारणच ठेवलं नाही."

लगेच पडद्यावर आणखी अक्षरं आली. बंदरावरच्या डब्याला लॅपटॉप जोडून कुणीतरी टाईप केलं होतं. 'रितेश. पोचलं. बस झालं, मानलं.'

योगिनीनं ते वाचलं आणि पुन्हा बटण दाबलं.

"आता कशाला?" चाचा म्हणाले. "तो साहेब म्हणतो ना, मानलं."

"त्यांनी एकदा ऐकून मानलं. तुमच्या लाँचवर हाकेची वेळ एकदाच कशाला येईल?" दिवा लाल, टुणकन आवाज, 'बंदर: ऐकलं.' तिनं तोंडावरचं खारं पाणी बाहीला पुसलं आणि बोट पुन्हा बटणावर नेलं.

"मग आम्ही जाळं टाकायचं की तुला सांभाळायचं?"

"टाका जाळं, चाचा. मला लिंबू पुरे. संध्याकाळपर्यंत मी त्यांना काही स्वस्थ बसू देणार नाही."